ओळख पटली, तरीही ग्राहक नाकारला: एका होस्टिंग नोंदणीचे प्रकरण

नकाराच्या मेलमध्ये दोनच वाक्ये होती. आपली ऑर्डर आम्हाला स्वीकारता येत नाही. सुरक्षेच्या कारणास्तव याहून अधिक तपशील देता येणार नाही. पैसे परत आले, खाते बंद झाले. अर्जदाराने पाठवलेला पासपोर्टचा फोटो मात्र कंपनीकडेच राहिला.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. होस्टिंगच्या, म्हणजे इंटरनेटला जोडलेले सर्व्हर भाड्याने देण्याच्या, धंद्यात जे पुन्हा पुन्हा घडते त्याचे धागे जुळवून ते अभ्यासासाठी उभे केले आहे. त्यात येणारे कायदे, मानके आणि तंत्र मात्र खरे आहे. मला यातून एकच गोष्ट तपासायची होती: ओळख पडताळणी म्हणून जे चालते, त्यात ओळखीचा भाग नेमका किती असतो?

मागणी काय होती

अर्जदार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सॉफ्टवेअर डेव्हलपर. एका लहान संशोधन गटाने जमवलेली जुनी ध्वनिमुद्रणे लोकांना ऐकता यावीत म्हणून संकेतस्थळ उभारायचे होते, ते काम त्यांच्याकडे आले. गट म्हणजे मोजकी माणसे. संस्था म्हणून नोंदणी नाही, गटाच्या नावाने बँकेत खाते नाही. त्यामुळे सर्व्हर घ्यायचे ते अर्जदाराच्याच नावाने, असे ठरले.

युरोपीय संघातली एक मध्यम आकाराची कंपनी निवडली. आपले आपण सांभाळायचे व्हीपीएस (मोठ्या यंत्राचा वेगळा काढून दिलेला आभासी सर्व्हर), महिन्याच्या भाड्याने, पैसे भरले की काही मिनिटांत सुरू. ऑर्डर तीन सर्व्हरची होती: एक संकेतस्थळासाठी, एक ध्वनिफितींचे आकार आणि प्रकार बदलण्यासाठी, आणि तिसरा गटाचे वार्तापत्र मेलने पाठवण्यासाठी. अर्जात ‘सर्व्हर कशासाठी हवा’ असा रकाना होता. त्यांनी तिथे सरळ लिहिले: संकेतस्थळ, फाइल प्रक्रिया, बल्क मेल.

वार्तापत्राचे वाचक काहीशे असतील. पण ‘बल्क मेल’ हे दोन शब्द होस्टिंग कंपनीच्या ॲब्यूज डेस्कवर, म्हणजे गैरवापर पाहणाऱ्या विभागात, स्पॅमची खूण म्हणून वाचले जातात, हे बाहेरच्या माणसाला कळायचे कसे?

बाकीचे तपशील असे. इंटरनेटवर आपले खरे ठिकाण लपवणारे व्हीपीएन सवयीने सुरू होते. ईमेलचा पत्ता गटासाठी नुकत्याच घेतलेल्या डोमेनवरचा होता. पैसे भरले ते ॲपमधून काढलेल्या व्हर्च्युअल प्रीपेड कार्डाने, म्हणजे क्रमांक कुठे फुटलाच तर नुकसान मर्यादित राहील. आणि अर्जदाराच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनाव नाही. अर्ज आडनावाशिवाय पुढे सरकेना, म्हणून त्यांनी तेच नाव दोन्ही रकान्यांत भरले.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर शहाणपणाचीच आहे. ऑनलाइन सुरक्षेचे धडे देणारे हेच करायला सांगतात: व्हीपीएन वापरा, खरे कार्ड कुठेही देऊ नका, प्रत्येक कामाला वेगळा ईमेल ठेवा. गोची अशी की चोरीची कार्डे वापरणारी मंडळीही हेच धडे गिरवलेली असतात.

यंत्राला काय दिसले

ऑर्डर माणसापर्यंत पोहोचण्याआधी ती एका गुणांकन सेवेतून जाते. लहान आणि मध्यम होस्टिंग कंपन्यांत बिलिंगसाठी डब्ल्यूएचएमसीएस हे सॉफ्टवेअर सर्रास वापरतात, आणि त्याला मॅक्समाइंड किंवा फ्रॉडलॅब्स प्रो यांसारख्या सेवा जोडता येतात. मॅक्समाइंडच्या मिनफ्रॉडमध्ये जोखमीचा आकडा ०.०१ ते ९९ असा येतो. तो व्यवहार फसवा असण्याची टक्क्यांतली शक्यता, असा त्याचा अर्थ.

या अर्थाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. समजा कंपनीने मर्यादा २० ठेवली आणि त्यावरचे सगळे अडवले. २० आकडा आलेल्या शंभर ऑर्डरींपैकी, त्या मापाच्या स्वतःच्याच हिशेबाने, ऐंशी प्रामाणिक आहेत. मर्यादा ठरवणाऱ्याला हे ठाऊक असते. त्या ऐंशींना गमावणे त्याला परवडते आणि उरलेल्या वीसांना आत घेणे परवडत नाही, एवढाच त्याचा निर्णय असतो. सुक्याबरोबर ओले जळणार हे आकड्यातच लिहिलेले आहे.

अर्जदाराच्या ऑर्डरीत आकडा वाढवणारे बरेच काही होते. आयपी पत्ता घरगुती जोडणीचा नव्हता, डेटा सेंटरमधला होता आणि वेगळ्याच देशातला. कार्डाच्या सुरुवातीच्या सहा ते आठ अंकांवरून ते कुणी दिले, कोणत्या देशातले आणि प्रीपेड आहे का, हे कळते. तो देश आयपीशी जुळेना. ईमेलच्या डोमेनला काहीच इतिहास नव्हता. पहिल्याच दिवशी तीन सर्व्हर मागितले होते. नाव आणि आडनाव एकच. यातले एखादे एकटे असते तर कदाचित निभावले असते.

ऑर्डर थांबवली गेली आणि ओळखपत्र मागणारा मेल आला.

पासपोर्टची फेरी

अर्जदारांनी पासपोर्टच्या पानाचा फोटो काढला, त्यातला पासपोर्ट क्रमांक आणि तळाच्या दोन ओळी काळ्या पट्टीने झाकल्या आणि तो चढवला. काही क्षणांत उत्तर: प्रतिमेत बदल केलेला आढळला, ओळखपत्र अमान्य.

झाकण्यामागचे कारण पोकळ नव्हते. ऑक्टोबर २०२५मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेने जाहीर केले की त्यांच्या एका बाहेरच्या सेवापुरवठादाराकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असण्याची शक्यता आहे. वय तपासण्यासाठी दिलेली ती ओळखपत्रे होती. एका कामासाठी दिलेला कागद दुसऱ्याच कुणाच्या हाती लागतो, ही भीती काल्पनिक राहिलेली नाही.

पण तळाच्या त्या दोन ओळी झाकल्या की तपासणाऱ्या यंत्राकडे धरायला काही उरत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, दस्तऐवज ९३०३मध्ये या ओळींची रचना ठरलेली आहे. प्रत्येक ओळ ४४ अक्षरांची. पहिल्या ओळीत नावासाठी ३९ जागा आणि त्यात फक्त ए ते झेड ही रोमन अक्षरे आणि रिकामी जागा भरणारे कोनी चिन्ह. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत, आणि या प्रत्येकाच्या मागे एक तपासणी अंक. तो काढायची रीत सोपी: अक्षरांना ठरलेल्या किमती द्यायच्या, त्यांना ओळीने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असे गुणायचे, बेरजेला १०ने भागून बाकी लिहायची. फोटोवरून पासपोर्ट तपासणारे सॉफ्टवेअर सर्वात आधी हीच बेरीज करते.

ही बेरीज कागदावर कुणालाही करता येते. म्हणजे खोटा पासपोर्ट रंगवणाऱ्यालाही येते. पासपोर्टातली चिप वाचली तर गोष्ट वेगळी, कारण चिपमधल्या माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते आणि ती घरबसल्या बनवता येत नाही. आजचे बरेच फोन एनएफसीने, म्हणजे जवळ धरून बिनतारी, ही चिप वाचू शकतात. या कंपनीने तो मार्ग ठेवलाच नव्हता. तिला फोटो पुरेसा वाटत होता. माझ्या मते इथेच तिचा ओळखीतला रस किती होता ते दिसते. ज्याला खरोखर माणसाची खात्री करायची आहे, तो फोटोवर भागवणार नाही.

नावाचा गुंता यातूनच वाढला. ९३०३च्या रचनेत आडनाव आधी, मग दोन कोनी चिन्हे, मग पहिले नाव. ज्याला एकच नाव आहे त्याचे नाव पहिल्या भागात येते आणि दुसरा भाग रिकामा राहतो. मानकाने एकनावी माणसांची सोय करून ठेवलेली आहे. अर्जाच्या रकान्याने केलेली नव्हती. त्यामुळे पासपोर्ट एक नाव सांगत होता आणि खाते तेच नाव दोनदा. अमेरिकी व्हिसांवर अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी ‘पहिले नाव अज्ञात’ याची आद्याक्षरे छापतात आणि ती अनेकांना पुढे खरे नाव असल्यासारखी चिकटतात. रकाना सक्तीचा करायचा आणि मग तो भरल्याचा संशय घ्यायचा, ही पद्धत मला तरी समर्थनीय वाटत नाही.

अर्जदारांनी दुसऱ्यांदा न झाकलेला फोटो पाठवला. त्यानंतर बराच काळ शांतता. मग सुरुवातीला सांगितलेला दोन वाक्यांचा मेल.

दुसरा प्रयत्न

यानंतर अर्जदारांनी जे केले ते कुणीही समजूतदार माणूस करेल. कारण सांगितलेले नाही, तर मग संशयाच्या जागा आपणच दूर कराव्यात. व्हीपीएन बंद केले. नेहमीचा, वर्षानुवर्षे वापरातला ईमेल दिला. तीनऐवजी एकच सर्व्हर मागितला. प्रीपेड कार्डावर आक्षेप असावा म्हणून गटातल्या एका सहकाऱ्याचे साधे क्रेडिट कार्ड त्यांच्या संमतीने वापरले. नवे खाते उघडले.

या वेळी नकार यायला काही मिनिटेही लागली नाहीत.

दुसऱ्या बाजूने हे कसे दिसते ते पाहा. नकार मिळालेला ग्राहक थोड्याच अवधीत नव्या ईमेलने परत आला आहे. ब्राउझर तोच, फोन क्रमांक तोच, पडद्याचा आकार, भाषा, फॉन्ट यांचा मिळून होणारा ठसा तोच. कार्ड मात्र आता तिसऱ्याच माणसाच्या नावाचे. चोरीच्या कार्डांची यादी हातात असलेला माणूस नेमका असाच वागतो: एक अडले की ईमेल बदलून दुसरे. पहिल्या खेपेस अर्जदार निव्वळ संशयास्पद होत्या. दुसऱ्या खेपेस त्या यंत्राच्या नजरेत सिद्धच झाल्या. पहिला नकार कदाचित एखाद्या तिकिटाने फिरला असता. दुसऱ्याने दार कायमचे लागले.

व्हीपीएन बंद केल्याचाही फायदा झाला नाही. त्यांची जोडणी मोबाइल नेटवर्कची होती आणि तिथे सीजीनॅट असते, म्हणजे कितीतरी ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याआड बसतात. त्या पत्त्याचा लौकिक त्या सगळ्यांच्या वागणुकीचा मिळून बनतो. एखाद्याच्या फोनमध्ये मालवेअर शिरले तर डाग सगळ्यांवर.

कारण न सांगण्याची ही खरी किंमत आहे, आणि ती दोन्ही बाजूंना पडते. प्रामाणिक माणूस अंदाजाने पावले टाकतो आणि त्याची प्रत्येक दुरुस्ती नवा पुरावा ठरते. लबाड माणसाला कारण न सांगून फारसे काही अडत नाही. तो पन्नास खाती उघडून कोणते चालते ते पाहतो आणि कारण आपोआप शोधून काढतो.

कंपनी अशी का वागते

इथवर वाचून कंपनी खलनायक वाटू लागली असेल. पण तिचा हिशेब समजून घेतल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही, आणि तो हिशेब कडक आहे.

लहान व्हीपीएसचे महिन्याचे भाडे फार थोडे असते. त्यातून वीज, यंत्रे, आयपी पत्ते, कर्मचारी वजा जाऊन उरणारा नफा अगदी पातळ. कार्ड चोरीचे निघाले तर खरा कार्डधारक बँकेत तक्रार करतो आणि चार्जबॅक येतो, म्हणजे बँक ते पैसे परत काढून घेते. रक्कम जाते, वर दंडासारखे शुल्क बसते, आणि ते शुल्क बहुधा भाड्यापेक्षा मोठे असते. कार्डधारकाला तक्रारीसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते. स्पॅम पाठवणाऱ्याला सर्व्हर काही तासच हवा असतो. चार्जबॅकचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपुढे गेले की कार्ड नेटवर्क कंपनीला देखरेखीखाली घेतात आणि पुढे कार्ड स्वीकारण्याची सोयच धोक्यात येते. अशी एक ऑर्डर अनेक महिन्यांच्या प्रामाणिक भाड्याचा नफा खाते. मग माणसाने तिकीट उघडून, पासपोर्ट पाहून, फोन करून खात्री करण्याइतका वेळ एका ऑर्डरीवर घालवावा कसा?

त्याहून जड नुकसान आयपी पत्त्यांचे. आयपीव्ही४चा, म्हणजे जुन्या आणि अजून सर्रास वापरातल्या पत्त्यांचा, जागतिक साठा ते वाटणाऱ्या आयएएनए या संस्थेने ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपवला. युरोपचे वाटप पाहणाऱ्या राइप एनसीसीने २५ नोव्हेंबर २०१९ रोजी आपल्याकडचेही संपल्याचे जाहीर केले. आता पत्ते बाजारातून विकत घ्यावे लागतात. एका सर्व्हरवरून स्पॅम सुटला आणि कंपनीने तो लवकर थांबवला नाही तर स्पॅमहॉससारख्या याद्या एका पत्त्यावर न थांबता सगळा २५६ पत्त्यांचा गट काळ्या यादीत टाकू शकतात. मग त्या गटातल्या, कशाशी संबंध नसलेल्या ग्राहकांचे मेल जाणे बंद होते आणि त्यांचे फोन सुरू होतात.

या धंद्याला जुनी उदाहरणेही आठवतात. नोव्हेंबर २००८मध्ये मॅककोलो या अमेरिकी होस्टिंग कंपनीची जोडणी तिच्या वरच्या पुरवठादारांनी तोडली आणि जगभरातला स्पॅम ठळकपणे घसरला. तिथे कुठल्या न्यायालयाने निकाल दिला नव्हता; वरच्यांनी तार काढली, एवढेच. जर्मनीत ट्राबेन-ट्रारबाख इथल्या जुन्या लष्करी बंकरमधून चालणाऱ्या सायबरबंकरवर सप्टेंबर २०१९मध्ये छापा पडला. डिसेंबर २०२१मध्ये चालकांना गुन्हेगारी टोळी चालवल्याबद्दल शिक्षा झाल्या. ग्राहकांच्या एकेका गुन्ह्याला मदत केल्याचा आरोप मात्र टिकला नाही. म्हणजे ग्राहकाच्या कृत्यांसाठी होस्टिंगवाल्याला जबाबदार धरताना कायदा सावध असतो. काळी यादी आणि वरचा पुरवठादार इतके सावध नसतात, आणि कंपनी घाबरते ती त्यांना.

कायद्यांचा कलही ग्राहक ओळखण्याकडे वळला आहे. अमेरिकेत १९ जानेवारी २०२१च्या कार्यकारी आदेश १३९८४ने परदेशी क्लाउड ग्राहकांची ओळख तपासण्याचे नियम करायला सांगितले आणि जानेवारी २०२४मध्ये वाणिज्य विभागाने त्यांचा मसुदा काढला. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत डेटा सेंटर, व्हीपीएस, क्लाउड आणि व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी, सेवा घेण्याचा हेतू अशी माहिती पाच वर्षे किंवा अधिक ठेवायला सांगितले. युरोपीय संघाच्या एनआयएस२ या सायबर सुरक्षा निर्देशातले अठ्ठाविसावे कलम डोमेन नोंदणीच्या माहितीची पडताळणी मागते.

पण या सगळ्यात एक घोळ आहे. कायदे विचारतात ‘हा कोण?’ पुढे काही घडले तर कुणाला शोधायचे, यासाठी. कंपनीचा प्रश्न असतो ‘हा काय करणार?’ पासपोर्ट पहिल्याचे उत्तर देतो, दुसऱ्याचे नाही. स्वतःच्या खऱ्या पासपोर्टवर सर्व्हर घेऊन स्पॅम पाठवणारे असतात, आणि भाड्याने दुसऱ्याचा पासपोर्ट आणणारेही. कंपनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या कागदात शोधते, ते मिळत नाही, आणि मग निर्णय शेवटी आकड्यावरच होतो.

उत्तरात काय निघाले

सपोर्टकडून छापील उत्तरांपलीकडे काही येईना तेव्हा अर्जदारांनी वेगळा मार्ग घेतला. कंपनी युरोपीय संघातली असल्याने तिला जीडीपीआर हा संघाचा माहिती संरक्षण कायदा लागू होतो, मग अर्जदार कुठेही राहत असो. पंधराव्या कलमाखाली त्यांनी आपल्याबद्दलच्या माहितीची प्रत मागितली. याला एका महिन्यात उत्तर द्यावे लागते; गुंतागुंत असेल तर मुदत आणखी दोन महिने वाढवता येते. उत्तर महिन्याच्या आत आले.

त्यात अर्जात भरलेली माहिती होती, आयपी पत्ते होते, जोखमीचा आकडा होता. आणि एका तक्त्यात पासपोर्टच्या दुसऱ्या फोटोसमोर लिहिले होते: पडताळणी यशस्वी.

ओळख पटली होती. कंपनीला माणूस खरा आहे हे ठाऊक होते आणि तरी ऑर्डर नाकारली गेली, कारण पासपोर्ट तपासून झाल्यावरही जोखमीचा आकडा खाली आला नाही. पासपोर्टचा निकाल त्या आकड्यात मोजलाच जात नव्हता. नापास झाला तर नकार. पास झाला तर आकडा आहे तिथेच. ज्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन काहीच मिळत नाही, ती मुळात घ्यायचीच कशाला, हा प्रश्न अर्जदारांनी लेखी विचारला. उत्तर आले की अंतर्गत निकष उघड करता येत नाहीत.

कायद्याने इथे किती हात दिला असता? जीडीपीआरचे बाविसावे कलम केवळ स्वयंचलित प्रक्रियेने घेतलेल्या निर्णयांपासून संरक्षण देते. ७ डिसेंबर २०२३च्या शूफा निकालात युरोपीय न्यायालयाने म्हटले की ज्या आकड्यावर दुसरा कुणी निर्णयासाठी मुख्यतः विसंबतो, तो आकडा काढणे हाच स्वयंचलित निर्णय ठरू शकतो. २७ फेब्रुवारी २०२५ला डन अँड ब्रॅडस्ट्रीट ऑस्ट्रिया प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की कोणती माहिती कशी वापरली हे माणसाला समजेल असे समजवावे लागते; नुसते सूत्र पुढे टाकून भागत नाही. दोन्ही निकाल पतगुणांकनातले, पण युक्तिवाद या प्रकरणाला अगदी जवळचा.

अडचण एका अटीची. निर्णयाचा परिणाम कायदेशीर किंवा तेवढाच लक्षणीय असावा लागतो. कर्ज नाकारणे लक्षणीय ठरते. बाजारात डझनावारी पर्याय असताना एका कंपनीने व्हीपीएस नाकारणे? मला यात अर्जदारांची बाजू लंगडी वाटते. खासगी कंपनीला कुणाशी करार करायचा हे निवडायचा बराच मोकळेपणा असतो. बरेच पुरवठादार एकाच गुणांकन सेवेवर विसंबू लागले आणि एकीकडचा डाग सगळीकडे दिसू लागला, तर मात्र हे उत्तर बदलावे लागेल.

कारणे सांगण्याबाबत माझे मत मधले आहे. कोणत्या सिग्नलला किती वजन, हे कंपनीने सांगू नये. ते सांगितले तर चाळणीला भोक पडते. पण जे ग्राहकाला दुरुस्त करता येते आणि ज्यात गुपित काही नाही, ते दडवण्यात अर्थ नसतो. ‘खात्यातले नाव कागदाशी जुळत नाही.’ ‘कार्ड खातेधारकाच्या नावाचे हवे.’ ‘नवीन खाते उघडू नका, याच तिकिटावर उत्तर द्या.’ या तीन ओळींनी कुठल्याही फसवणाऱ्याला नवे काही कळले नसते. यातली शेवटची ओळ पहिल्या नकारात असती तर दुसरा प्रयत्न झालाच नसता.

दुसरीकडे

सर्व्हर शेवटी दुसऱ्या एका कंपनीकडे मिळाला. तिची पद्धत नोंदवण्यासारखी आहे, कारण तिने पासपोर्ट मागितलाच नाही.

तिने पहिल्या महिन्याचे पैसे अर्जदाराच्या बँक खात्यातून हस्तांतराने घेतले. कार्डासारखा चार्जबॅक त्यात नसतो, आणि खात्याच्या मालकाची ओळख बँकेने आधीच तपासलेली असते. सुरुवातीला एकच सर्व्हर दिला. मेल पाठवण्याचा पोर्ट २५ बंद ठेवला, जसा गूगल क्लाउडवर बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळातच अडवलेला असतो आणि ॲमेझॉनच्या ईसी२वर सुरुवातीला मर्यादित. ‘बल्क मेल’ पाहून त्यांच्या माणसाने एवढेच विचारले: किती जणांना, आणि वर्गणी काढून टाकायची सोय आहे का? उत्तर मिळाल्यावर सुचवले की वार्तापत्र एखाद्या मेल पाठवणाऱ्या सेवेकडून जाऊ द्यावे, स्वतःचा मेल सर्व्हर ठेवूच नये. सल्ला रास्त होता. नव्या आयपी पत्त्यावरून पाठवलेले मेल मोठ्या मेलसेवा सहजासहजी इनबॉक्समध्ये पोहोचू देत नाहीत. तिसरा सर्व्हर मिळाला असता तरी वार्तापत्र बहुतेक स्पॅममध्येच गेले असते.

दोन बिले वेळेवर भरल्यावर सर्व्हरची मर्यादा आपोआप वाढली. ही कंपनी जोखीम घेत नव्हती असे नाही. अनोळखी माणसाच्या हाती पहिल्या दिवशी किती ताकद द्यायची, ती तिने बांधून टाकली होती. एका बंद पोर्टच्या, एकाच सर्व्हरच्या, आगाऊ पैसे भरलेल्या ग्राहकाने वाईटात वाईट केले तरी नुकसान थोडे. मग तो कोण हे खोदत बसायची घाई राहत नाही. वागणूक दिसायला वेळ लागतो आणि इथे तो वेळ स्वस्तात विकत घेतला होता. याची दुसरी बाजूही आहे: ज्याच्याकडे बँक खाते नाही किंवा आंतरराष्ट्रीय हस्तांतर ज्याला महाग पडते, तो या दाराबाहेरच राहतो.

पुसण्याची विनंती

पहिल्या कंपनीकडे एक काम उरले होते. करार झाला नाही, सेवा घेतली नाही, तर पासपोर्टचा फोटो कशाला ठेवायचा? अर्जदारांनी जीडीपीआरच्या सतराव्या कलमाखाली सगळी माहिती पुसण्याची मागणी केली.

फोटो पुसला, असे कंपनीने कळवले. नाव, जन्मतारीख, फोन क्रमांक आणि पासपोर्ट क्रमांकाचा हॅश (गणिताने काढलेला, थेट उलटवता न येणारा ठसा) मात्र ठेवला जाईल. नाकारलेला ग्राहक परत आला तर ओळखता यावा म्हणून. यालाही कायद्यात आधार आहे. फसवणूक रोखण्यासाठी अगदी आवश्यक तेवढी माहिती वापरणे हे वैध हित असल्याचे जीडीपीआरच्या प्रस्तावनेच्या ४७व्या परिच्छेदातच म्हटले आहे. हॅश म्हणजे क्रमांक नाहीसा झाला, असे मात्र कुणी समजू नये. पासपोर्ट क्रमांकांची रचना ठरावीक असते. हॅश करताना गुप्त किल्ली मिसळली नसेल तर सगळे शक्य क्रमांक चालवून मूळ क्रमांक शोधणे साध्या संगणकालाही जड नाही. किल्ली मिसळली आहे का, या प्रश्नाला उत्तर आले नाही.

किती काळ ठेवणार, या प्रश्नाला आधी ‘गरज असेपर्यंत’ असे उत्तर आले. मुदत किंवा ती ठरवण्याचे निकष सांगणे बंधनकारक असल्याची आठवण दिल्यावर कंपनीने आकडा दिला: नोंदणीच्या शेवटच्या प्रयत्नापासून तीन वर्षे. मधल्या काळात पुन्हा नोंदणी करून पाहिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाईल.